हिमालयातील हिमनद्या आणि २०३५ चा वाद

हिमालयातल्या हिमनद्या २०३५ सालापर्यंत नाहीशा होतील, या भाकितावरून २००९-१० मध्ये उठलेला वाद. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ सालच्या चौथ्या मूल्यांकन अहवालात हे भाकीत छापले गेले. ते निराधार निघाले, आणि २० जानेवारी २०१० रोजी निवेदन काढून मंडळाने तशी कबुली दिली. तापमानवाढ हे थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांच्या हाती यामुळे आयते कोलीत मिळाले. मात्र चूक त्यांनी शोधली नव्हती. ती शोधली हिमनद्यांवर आयुष्य घालवलेल्या अभ्यासकांनी, आणि हा वाद सांगताना नेमका हाच भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

वादग्रस्त मजकूर होता जेमतेम दोन वाक्यांचा. अहवालाच्या दुसऱ्या खंडात आशियावर दहावे प्रकरण आहे, त्यात ४९३व्या पानावर. पहिल्या वाक्यात म्हटले होते की हिमालयातल्या हिमनद्या जगात सर्वांत वेगाने मागे हटत आहेत आणि २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीच, त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. दुसऱ्यात, त्यांचे क्षेत्रफळ त्याच सालापर्यंत ५ लाख चौरस किलोमीटरांवरून १ लाखावर येईल, असे. नाहीशाच होणार असतील तर उरलेले १ लाख चौरस किलोमीटर कुठले, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडावा. शिवाय त्याच प्रकरणात हिमालयातील हिमनद्यांचे क्षेत्र सुमारे ३० लाख हेक्टर, म्हणजे ३०,००० चौरस किलोमीटर दिलेले आहे. मग ५ लाखांचा आकडा आला कुठून?

शेजारच्या तक्त्याची गत याहून वेगळी नव्हती. कुमाऊंमधली पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे सरली आणि तिचा वेग वर्षाला १३५.२ मीटर, अशी त्यात नोंद होती. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षे. २,८४० ला १२१ ने भागले तर उत्तर साडेतेवीसच्या आसपास येते. तक्ता करणाऱ्याने भागले होते २१ ने. शंभर वर्षे गळाली आणि पिंडारीचा वेग जवळपास सहापट झाला.

५ लाखांच्या आकड्याचा माग कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कॉगली यांनी काढला. रशियन हिमनदीतज्ज्ञ व्लादिमिर कोत्ल्याकोव्ह यांच्या संपादनाखाली १९९६ मध्ये युनेस्कोने एक अहवाल प्रसिद्ध केला होता. ध्रुवीय प्रदेश वगळता साऱ्या पृथ्वीवरचे हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाखांवरून १ लाख चौरस किलोमीटरवर येईल, असा अंदाज त्यात होता, आणि साल होते २३५०. म्हणजे आकडा साऱ्या जगाचा, तो लावला गेला एकट्या हिमालयाला. साल २३५० चे २०३५ झाले ते अंकांच्या अदलाबदलीने, असा कॉगली यांचा तर्क होता.

२०३५ हे साल लोकांपुढे आले ते बातम्यांतून. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन हे १९९९ मध्ये हिमालयातील हिमनद्यांवरच्या एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाचे प्रमुख होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीच्या ‘डाउन टू अर्थ’मध्ये आणि जूनमध्ये ब्रिटनच्या ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये त्यांच्या कामाचा हवाला देत २०३५ चा उल्लेख आला. गंमत अशी की त्यांच्या कार्यगटाच्या अहवालात हे साल नव्हतेच. पुढे २००५ मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेने हिमनद्यांवरच्या पुस्तिकेत ‘न्यू सायंटिस्ट’च्या लेखाचा आधार घेतला आणि २००७ मध्ये आयपीसीसीने त्या पुस्तिकेचा. बातमीवरून पुस्तिका, पुस्तिकेवरून अहवाल, आणि अहवालावरून पुन्हा जगभर बातम्या. या साखळीत बर्फ मोजायला कुणी गेलेच नव्हते.

समीक्षित नियतकालिकांबाहेरचे साहित्य वापरायला आयपीसीसीच्या नियमांत बंदी नव्हती, पण ते कसून तपासून घ्यावे अशी अट होती. ती इथे पाळली गेली नाही. मसुद्यावर आक्षेप आले नव्हते असेही नाही. या विधानाची खात्री किती, असे जपान सरकारने विचारले होते. एका समीक्षकाने दोन वाक्यांतल्या विसंगतीवर बोट ठेवले होते. सिंधूच्या वरच्या खोऱ्यात काही हिमनद्या वाढत असल्याचे शोधनिबंध दुसऱ्या एका समीक्षकाने सुचवले, तर लेखकांनी उत्तर दिले की ते निबंध मिळू शकले नाहीत. ऑस्ट्रियाचे गेऑर्ग कासर हे त्याच अहवालाच्या पहिल्या खंडाचे एक लेखक. आपण २००६ मध्येच चूक कळवली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. पहिल्या खंडातले हिमनद्यांवरचे प्रकरण या चुकीपासून मुक्त राहिले, कारण ते हिमनद्या जाणणाऱ्यांनीच लिहिले होते.

२०३५ अशक्य का, हे समजायला गंगोत्री पुरेशी आहे. ही हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब. तिचे टोक म्हणजे गोमुख. अशा मोठ्या हिमनद्यांत बर्फाची जाडी शेकडो मीटर असते, आणि हिमालयात ती सरासरीने वर्षाला मीटरभर किंवा त्याहून कमी घटते. अठ्ठावीस वर्षांत हे सारे संपायचे तर वितळण्याचा वेग कित्येक पटींनी वाढायला हवा. मात्र नुसते टोक किती मागे सरले यावरून निष्कर्ष काढणेही फसवे. हिमालयातल्या अनेक हिमनद्यांची खालची अंगे दगडमातीच्या थराखाली झाकलेली असतात. तिथे टोक वर्षानुवर्षे जागेवर दिसते आणि वरून मात्र बर्फ खंगत जातो. म्हणून अभ्यासक वस्तुमानाचा हिशेब मांडतात: वर्षात हिमवर्षावाने किती जमा झाले, वितळून किती गेले. लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर हा हिशेब २००२ पासून चालू आहे. बर्फात रोवलेले बांबूचे खुंट किती उघडे पडले ते मोजायला तिथे माणसेच चढून जातात.

भारतात वादाला राजकारणाची फोडणी मिळाली नोव्हेंबर २००९ मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा एक चर्चालेख पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी प्रसिद्ध केला. हिमनद्या मागे हटत असल्या तरी असामान्य वेगाने नव्हे, आणि तापमानवाढीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असा त्याचा रोख होता. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला ‘व्हूडू सायन्स’ म्हटले, म्हणजे जादूटोण्याच्या पंक्तीत बसवले. रैना यांचा लेख बव्हंशी टोकांच्या मोजमापांवर उभा असल्याने त्याचा दुसरा निष्कर्ष कच्चाच होता. पण २०३५ ला आधार नाही, एवढ्यापुरते ते बरोबर होते. पचौरींनी तेव्हाच ते पान उघडून पाहिले असते तर पुढची नामुष्की टळली असती.

वेळही नेमकी वाईट होती. त्याच महिन्यात ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांचे ईमेल चोरून जगजाहीर करण्यात आले होते, आणि डिसेंबरमध्ये कोपनहेगनची हवामान परिषद फारसे काही हाती न लागता संपली. जानेवारीत ‘न्यू सायंटिस्ट’ने स्वतःच्याच जुन्या बातमीचा माग छापला, तेव्हा वृत्तपत्रांना मेजवानी मिळाली. जवळपास ३,००० पानांच्या अहवालातले एक पान चुकले होते; धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात ते विधान नव्हतेही. तरी मथळे असे होते की जणू हिमनद्या वितळतच नाहीत. पचौरींच्या राजीनाम्याची मागणी झाली. ते पदावर राहिले. संयुक्त राष्ट्रे आणि आयपीसीसी यांनी नेमलेल्या विज्ञान अकादमींच्या समितीने, हॅरल्ड शापिरो यांच्या अध्यक्षतेखाली, ऑगस्ट २०१० मध्ये अहवाल दिला. समीक्षकांच्या आक्षेपांना उत्तर मिळते की नाही यावर संपादकांची करडी नजर हवी, असमीक्षित साहित्य तसे स्पष्ट दाखवावे, हितसंबंधांबाबत नियम करावेत, या त्यातल्या ठळक शिफारशी.

वादानंतर मोजमापांना वेग आला. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी हेरगिरी उपग्रहांनी टिपलेल्या जुन्या फिल्मवरून संशोधकांनी हिमालयाची त्रिमिती उंची काढली. त्यावर आधारलेला २०१९ चा अभ्यास ६५० हिमनद्यांचा होता. १९७५ ते २००० या काळाच्या तुलनेत २००० नंतर बर्फाची घट दुपटीने झाल्याचे त्यात दिसले. काराकोरममधल्या अनेक हिमनद्या मात्र बराच काळ जवळपास स्थिर राहिल्या. हे कोडे पूर्ण सुटलेले नाही. काठमांडूच्या इसीमोड या संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयात २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा बर्फ ६५ टक्के अधिक वेगाने गेला. या पर्वतरांगांत सुमारे २४ कोटी लोक राहतात, खालच्या नदीखोऱ्यांत आणखी १६५ कोटी. त्या अहवालात हिमनद्या संपण्याचे एकच साल दिलेले नाही: तापमानवाढ दीड ते दोन अंशांवर रोखली तर २१०० पर्यंत ३० ते ५० टक्के बर्फ जाईल, ती चार अंशांवर गेली तर ८० टक्क्यांपर्यंत.