गावाकडचे घर आणि खात्रीचा कारागीर

शहरातले बिऱ्हाड आवरून गावी राहायला गेलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा पहिला पावसाळा घेतो. माळवद ठिबकू लागते, विहिरीवरची मोटार जळते, दार फुगून चौकटीत अडकते. शहरात अशा कामांना एका दूरध्वनीवर माणूस मिळतो. येथे मात्र कोणाला हाक मारायची, हाच पहिला प्रश्न असतो.

जालना जिल्ह्यातील परतूर हे मनमाड-नांदेड रेल्वेमार्गावरील तालुक्याचे ठिकाण. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा हा तालुका परभणीतून त्यात समाविष्ट झाला. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरी करून मूळ गावी परतणाऱ्यांना परतूरच्या पेठेत सिमेंट, सळई, नळ, तारा सारे मिळते. सळईच्या कारखान्यांसाठी तर जालना राज्यभर प्रसिद्ध आहे. अडचण साहित्याची नाही, ती हाताची आहे.

एके काळी हा प्रश्नच उद्भवत नसे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट आदी बलुतेदार गावाची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. बलुतेदार हा एकेका घराचा नव्हे, तर साऱ्या गावाचा सेवक असे, असे प्रतिपादन जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी केले. त्यामुळे गावात नव्याने आलेल्या उपऱ्यालाही सुतार शोधावा लागत नसे. मात्र या सोयीची किंमत कारागीर मोजत होता. जन्माने ठरलेले काम त्याला सोडता येत नसे आणि मोबदल्याबाबत घासाघीस करण्याची ताकदही त्याच्यापाशी क्वचितच असे. महार वतनाच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते, हे येथे विसरून चालणार नाही. आज गावचा सुतार आपल्या मर्जीने येतो आणि दर सांगतो. हे योग्यच आहे. जुन्या हक्काच्या सुरात त्याला हाक मारणाऱ्या शहरी घरमालकाचे काम रखडले, तर त्याबद्दल फारशी हळहळ वाटू नये.

मग माणूस शोधावा कोठे? हार्डवेअरचे दुकान, लाकडाची वखार, मोटार रिवाइंडिंग करणारा आणि गावातील नुकतेच बांधलेले घर, हे चार पत्ते उपयोगी पडतात. त्यांतही शेवटचा अधिक खात्रीचा. दुकानदाराची शिफारस ही कधी कधी त्याच्या उधारीच्या वसुलीची सोय असते. त्याउलट तीन पावसाळे सोसलेली भिंत खोटे बोलत नाही. गवंड्याचे काम पाहायचे तर ते उन्हाळ्यात पाहावे. मराठवाड्यातील काळी जमीन पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते. पाया उथळ असेल तर दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. पाया मुरुम लागेपर्यंत नेला होता का, एवढा एक प्रश्न घरमालकाला विचारला तरी मिस्त्रीची पारख होते.

जुन्या वाड्याचा प्रश्न निराळा आणि अधिक नाजूक आहे. माळवद म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर आडवी लाकडे किंवा फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकण्याची रीत असल्याने छताचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि अशीच जड छते कोसळल्याने. म्हणून गळतीवर ‘आणखी माती टाकू’ असे सांगणाऱ्यापेक्षा ‘आधी जुनी माती उतरवू, तुळयांची टोके पाहू’ असे म्हणणारा कारागीर निवडावा. भिंतीत गेलेली टोके कुजली आहेत काय, हे तपासणारे जुने हात आता थोडेच उरले आहेत. ते बहुधा साठीपलीकडचे असतात आणि त्यांचे नाव कुठल्याही फलकावर नसते. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय ते सापडत नाहीत.

विजेच्या कामात मात्र वडीलधाऱ्यांची शिफारस पुरेशी नाही. वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. नव्या जोडणीसाठी त्याचा चाचणी अहवाल लागतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तारतंत्री, वीजतंत्री, नळ कारागीर हे अभ्यासक्रम शिकवले जातात. तेथील निदेशकांना विचारल्यास परिसरात काम करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांची नावे मिळू शकतात. याशिवाय खेडोपाडी ‘झिरो वायरमन’ नावाचा एक तरुण असतो. तो कोणाच्याही नोकरीत नसतो, पण फ्यूज गेला की खांबावर चढतो. वीजप्रवाह बंद न करता चढलेली अशी मुले प्राणास मुकल्याच्या बातम्या राज्यातून वारंवार येतात. आपल्या घरात दिवा लागावा म्हणून त्याला खांबावर चढवणे हा केवळ निष्काळजीपणा नव्हे. अंधारात एक रात्र काढलेली बरी.

कूपनलिकेचे यंत्र घेऊन येणाऱ्या मालमोटारी अनेकदा थेट तमिळनाडूतील तिरुचेनगोडे परिसरातील असतात. काम आटोपले की त्या पुढच्या जिल्ह्यात गेलेल्या असतात. त्यामुळे केसिंग किती फूट घातले, खोली किती झाली, हे खोदाई चालू असतानाच उभे राहून मोजावे व लिहून घ्यावे. नारळ हातात धरून जागा दाखवणाऱ्या पाणाड्यावर ज्याची श्रद्धा आहे त्याने ती ठेवावी. परंतु १९७२ पासून कार्यरत असलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिकही जिल्ह्यात असतात. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने बंधने घातली आहेत, याचाही विसर पडू नये.

आता व्यवहाराकडे. मराठवाड्यात ठेक्याला ‘गुत्ता’ आणि ठेकेदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात. दुरुस्तीचे काम शक्यतो रोजाने द्यावे, कारण जुनी भिंत उकरल्याशिवाय तिच्यात काय दडले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. नवे बांधकाम गुत्त्याने द्यायला हरकत नाही. मजुरीचा दर चौरस फुटावर की मापावर, भिंतींवर पाणी कोणी मारायचे, सेंटरिंगचे भाडे कोणाकडे, हे आधीच बोलून घ्यावे. वाळू ब्रासने येते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून मोजली की बरेच वाद मिटतात. उचल मागणे हा येथील रिवाज आहे, त्यात फसवणूकच असते असे नाही. तथापि रक्कम पाया, जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्यावी आणि साध्या वहीत तारीख घालून दोघांनी सही करावी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी यांसह १८ व्यवसायांतील कारागिरांची नोंद होते व त्यांना ओळखपत्र मिळते. नळ आणि वीज कारागीर तिच्यात नाहीत. शिवाय ओळखपत्र हे नोंदणीचा पुरावा आहे, हातातल्या कसबाचा नव्हे.

काम बिनसलेच तर मोबदला देऊन घेतलेल्या सेवेबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. प्रत्यक्षात त्याच गवंड्याशी उद्या बाजारात गाठ पडणार असते. म्हणून बहुतेक तंटे चार जाणत्यांसमोर ती वही उघडूनच सुटतात.

राहिला वेळेचा प्रश्न. दिवाळीनंतर मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि बिगारी मिळेनासे होतात. मृगाच्या पावसानंतर जो तो पेरणीत गुंतलेला असतो. लग्नसराईत हजेरी निम्म्यावर येते, तर काही कारागीर अमावास्येला हत्यारच उचलत नाहीत. माळवदाचे काम होळी झाल्यावर बोलून ठेवावे आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत माती उतरवलेली असावी. त्यानंतर ‘उद्या येतो’ म्हणणारा कारागीर बहुधा पाऊस पडून गेल्यावरच येतो.