ह्याची टोपी, त्याचा घोडा

माझा भाचा मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या एका क्लबाकडून फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, खेळतो. सीनियर्समध्ये नाही, रिझर्व्हजमध्ये, दुसऱ्या फळीत. गेल्या सप्टेंबरात सेमीफायनल हरल्यावर त्याचा फोन आला, तोच तणतणत. "मामा, त्यांनी तीन रिंग-इन खेळवले!"

"खोट्या नावानं?"

"अरे नाही. नावं खरी, क्लबही तोच. पण ही पोरं त्यांच्या सीनियर्समधली आहेत!"

तोतया नाही, बाहेरचा नाही, मग हा रिंग-इन कसला? त्या शब्दाच्या मागे लागलो आणि थेट चर्चमध्ये काढून ठेवलेल्या एका टोपीपाशी पोचलो.

खेळाचा इतिहास कुठेही सापडतो, म्हणून तो झटपट उरकतो. १८५८ मध्ये टॉम विल्सनं एका पत्रातून सुचवलं की क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेलबर्नमध्ये नियम कागदावर आले. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम झाला, १८९९ मध्ये तिथला संघ १८ जणांचा ठरला आणि १९१९ पासून दुसऱ्या फळीची वेगळी स्पर्धा सुरू झाली.

वादाचं मूळ या दुसऱ्या फळीतच आहे. गावोगावच्या क्लबांत त्याच मैदानावर आधी रिझर्व्हजचा सामना होतो, मग सीनियर्सचा. सीनियर्स हरत गेले आणि रिझर्व्हज मात्र फायनल्सना पोचले, तर क्लबाचे वीसेक उत्तम खेळाडू ऐन सप्टेंबरात रिकामे बसतात. दुसऱ्या क्लबातून माणूस आणायची मुदत ३० जूनला संपलेली असते, म्हणजे ते दार बंद. उरतो घरातला जिना: वरच्या मजल्यावरचा माणूस खाली उतरवायचा. हा जिना अडवायला लीगांनी नियम केले. आकडे प्रत्येक लीगचे निराळे, पण घाट दोनच. एक, खेळाडू त्या मोसमात क्लबाकडून ठरावीक सामने खेळलेला हवा. दोन, त्याचे सीनियर्समधले सामने रिझर्व्हजमधल्यांपेक्षा जास्त भरले, तर त्याला रिझर्व्हजच्या फायनल्सची बंदी. पुरावा टीमशीटचा.

आता शब्दाकडे. जेम्स हार्डी व्हॉक्स हा इंग्लंडातला भुरटा चोर. एकदा नव्हे, तीनदा काळ्या पाण्यावर न्यू साउथ वेल्सला धाडला गेलेला. १८१२ मध्ये न्यूकॅसलच्या वसाहतीत सक्तमजुरी भोगताना त्यानं चोरांच्या बोलीचा कोश रचला आणि तो तिथल्या अधिकाऱ्यालाच अर्पण केला. १८१९ मध्ये त्याच्या आत्मचरित्राबरोबर तो लंडनला छापून निघाला. ऑस्ट्रेलियात तयार झालेला पहिला कोश म्हणून त्याची ख्याती आहे. या कोशात 'रिंग' म्हणजे अदलाबदल. उदाहरण आहे 'कॅस्टर'चं. कॅस्टर म्हणजे बीव्हरच्या केसांची टोपी. प्रार्थनेला किंवा सभेला जुनाट टोपी घालून जायचं, ती तिथे ठेवायची आणि निघताना कुणाची तरी चांगली उचलायची.

वाचताना मला हसू फुटलं. आपल्याकडे फसवणं म्हणजे टोपी घालणं, आणि हिशेबातली लबाडी म्हणजे ह्याची टोपी त्याला! दोन्ही बोलींची भेट कधी झाली असेल असा माझा दावा नाही. पण डोक्यावरची वस्तू लबाडीच्या कामाला येते, हे दोन्हीकडच्यांनी ओळखलं होतं.

प्रतिस्पर्धी व्युत्पत्त्या बऱ्याच आहेत. पहिली घंटांची. इंग्लंडातल्या चर्चमध्ये घंटा ठरावीक क्रम बदलत वाजवतात, त्याला 'रिंगिंग द चेंजेस' म्हणतात. 'चेंज' म्हणजे बदल आणि सुटे पैसेही. या श्लेषावर चोरांनी डल्ला मारला. सुटे मिळाले की त्यातली चांगली नाणी लपवायची, जवळची खोटी दाखवायची आणि म्हणायचं, ही बदलून द्या. १८११ च्या लंडनच्या एका बाजारबोली कोशात ही युक्ती नोंदलेली आहे. म्हणजे घंटेवरून नाणं आणि नाण्यावरून टोपी, ही वंशावळ मला पटते.

दुसरी व्युत्पत्ती नाण्याच्या आवाजाची. खरं नाणं फळीवर टाकलं की वाजतं, खोटं बद्द बोलतं. आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो ते याच अनुभवातून, त्यामुळे मराठी माणसाला हा तर्क ऐकताक्षणी आवडतो. पण तो उलटा पडतो. आवाजानं खोटं पकडलं जातं. 'रिंग' तर खोटं खपवण्याचं नाव आहे.

तिसरी सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत पोकळ. चुकून जिवंत पुरलेल्या माणसासाठी शवपेटीला घंटेची दोरी बांधत, म्हणून हुबेहूब दिसणारा तो 'डेड रिंगर'. यात 'डेड'चा मृत्यूशी संबंधच नाही. 'डेड हीट'मध्ये आहे तसा त्याचा अर्थ 'अगदी, तंतोतंत'. आणि 'रिंगर' आला तो शर्यतीच्या मैदानातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, दुसऱ्याच्या नावानं पळवलेल्या घोड्याला रिंगर म्हणू लागले.

ऑस्ट्रेलियात आणखी एक घोटाळा आहे. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांत सर्वांत वेगवान गडी रिंगर, आणि गुरं राखणारा घोडेस्वारही रिंगरच. काही जण या बहाद्दरांना रिंग-इनचे पूर्वज मानतात: सरस माणूस आणला, म्हणून रिंग-इन. पण कातरणारा रिंगर कुणाच्या जागी येत नाही, तो आपल्या जागी पहिला येतो. त्याला या कुळात दत्तक घ्यायला मी तयार नाही.

माझा पक्ष टोपीचा आहे, आणि तो मोलावर उभा आहे. नाण्यात खोटं देऊन चांगलं लाटलं जातं, पण खोटं नाणं कुणाच्या तरी हातात उरतं आणि फसवणुकीचा पुरावा ठरतं. टोपीत खोटं काहीच नसतं. दोन्ही टोप्या खऱ्याच, फक्त एक हलकी, एक भारी. घोड्याचंही तेच. १८४४ च्या एप्सम डर्बीत 'रनिंग रेन' पहिला आला. शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांची आणि हा होता चार वर्षांचा 'मॅकॅबियस'. न्यायाधीशांनी घोडा हजर करा म्हटलं, तर घोडाच नाही! बक्षीस पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या भावाच्या 'ऑर्लँडो'ला गेलं. १९८४ च्या १८ ऑगस्टला ब्रिस्बेनच्या ईगल फार्मवर 'फाइन कॉटन' या सामान्य घोड्याच्या नावानं 'बोल्ड पर्सनॅलिटी' पळाला. पायांची पांढरी खूण रंगानं उठवलेली. भाव ३३ ला एकवरून साडेतीनला एकवर घसरला आणि घोडा जिंकला, तोवर प्रेक्षक ओरडत होते, "रिंग-इन!" लगेच त्याला बाद ठरवलं.

फुटीत हा शब्द या घोड्यांच्या पाठीवर बसून आला, असं मी मानतो. पण वाटेत त्याचं तोतयेपण गळून पडलं. माझ्या भाच्याच्या तोंडी उरला तो मूळचा टोपीचा अर्थ: हलक्याच्या जागी भारी.

पुढे भाच्याच्या क्लबानं तक्रारीची तयारी केली. सेक्रेटरीनं टीमशीट्स काढून मोजदाद केली. त्या तिघांचेही रिझर्व्हजमधले सामने नऊ, सीनियर्समधले आठ. जून-जुलैच्या गारठ्यात, कुणाचं लक्ष नसताना, त्यांना आलटून-पालटून खाली खेळवून ठेवलेलं. नियम टोपीची किंमत विचारत नाही; ती कुठे किती वेळा घातली तेवढं मोजतो. तक्रार फाडून टाकावी लागली.

"म्हणजे चोरी नाहीच?" भाच्यानं विचारलं.

"नाही रे," मी म्हटलं, "त्यांनी आपली भारी टोपी जूनमध्येच चर्चमध्ये नेऊन ठेवली होती."