आंबा-काजूचे कुल

वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती या पायऱ्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण १७५३ च्या लिनियसच्या ग्रंथात ‘कुल’ ही पायरी नव्हतीच. तो पुंकेसर मोजून वर्ग पाडी. त्यामुळे रत्नागिरीच्या बागांत शेजारी वाढणारी झाडे दूर गेली : आंबा पाच पुंकेसरांच्या वर्गात, काजू दहांच्या. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलातले तेल, दोन्ही अंगावर उततात. मोजणीत हे नाते कुठून दिसणार?

१७८९ मध्ये पॅरिसच्या झ्युस्यूने फूल, फळ, बी असे अनेक गुण एकत्र तोलून दोघांना एका गटात आणले. तो त्या गटाला गणच म्हणे. ‘कुल’ हे नाव त्या पायरीला पुढे चिकटले. उतण्यात सर्वांवर ताण करणारा बिब्बाही याच कुलातला. हापूसची पायरी मात्र जातीच्याही खाली : ते कलमाने टिकवलेले वाण आहे.