पाचशे पंचावन्न एकरांचे दानपत्र

जुने ताम्रपट आणि इनामपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना दानपत्राचा साचा ठाऊक असतो. आधी दात्याची वंशावळ, मग ज्याला दान द्यायचे त्याचे नाव-गोत्र, मग जमिनीच्या चतुःसीमा आणि अखेरीस हे दान हिरावून घेणाऱ्याला शाप. दात्याने हातावर उदक सोडले की त्याचा हक्क संपला. ती जमीन मुळात दात्याकडे कशी आली हे मात्र दानपत्र सहसा सांगत नाही; ते विचारण्याचा तो प्रसंगही नसतो. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातील 'मार्श-बिलिंग्ज-रॉकफेलर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' अशाच एका दानातून उभे राहिले. त्याचा इतिहास वाचताना हा न विचारलेला प्रश्न आमच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि तो विचारल्यावाचून त्या उद्यानाची कथा पुरी होत नाही असे आमचे मत झाले.

'उद्यान' या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बाकडी, घसरगुंडी आणि बंद पडलेले कारंजे येते. ते चित्र बाजूला ठेवायला हवे. एखादी वास्तू, रणभूमी किंवा वसाहत तिच्या भोवतालच्या जमिनीसकट कायद्याने राखून ठेवायची असेल तेव्हा अमेरिकेत ही संज्ञा वापरतात. अशा प्रकारचे पहिले उद्यान १९३३ साली न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे झाले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने क्रांतियुद्धात तिथे हिवाळी तळ ठोकला होता, आणि त्या उद्यानालाही दानात मिळालेल्या जमिनीचा आधार होता. उद्यानासाठी असे दान पदरात घ्यायचे तर काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कायदा करावा लागतो. वुडस्टॉकच्या बाबतीत तो कायदा झाला २६ ऑगस्ट १९९२ रोजी, थोरल्या जॉर्ज बुश यांच्या स्वाक्षरीने. (हे वुडस्टॉक म्हणजे १९६९ च्या संगीतमहोत्सवाचे नव्हे. ते न्यूयॉर्क राज्यातले. हे ओट्टाक्वीची नदीकाठचे शांत गाव.) लॉरन्स रॉकफेलर आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी आपले राहते घर आणि माउंट टॉम टेकडीवरचे जंगल मिळून ५५५ एकर राष्ट्राला दिले.

या जमिनीत 'ऐतिहासिक' काय होते? इथे लढाई झाली नाही, जाहीरनाम्यावर सह्या झाल्या नाहीत. जपले गेले ते एका विचाराचे मूळगाव. जॉर्ज पर्किन्स मार्श यांचा जन्म १८०१ साली वुडस्टॉकमध्ये झाला, आणि माउंट टॉमच्या पायथ्याशी त्यांच्या वकील वडिलांनी बांधलेल्या घरात ते वाढले. पुढे ते स्वतः वकील, काँग्रेसचे सदस्य, तुर्कस्तानातील आणि नंतर इटलीतील अमेरिकेचे राजदूत झाले. व्हर्मांटच्या टेकड्या उघड्या पडताना त्यांनी पाहिल्या होत्या. १८४० च्या सुमारास त्या राज्यात माणसांच्या पाचपटींहून अधिक मेंढ्या होत्या. जंगल तोडून कुरणे झाली, माती वाहून गेली, ओढ्यांना पूर येऊ लागले. भूमध्य समुद्राभोवतीचे उजाड डोंगर पाहताना त्यांना तीच गोष्ट हजारो वर्षांच्या मापाने घडलेली दिसली. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅन अँड नेचर' या ग्रंथात त्यांनी मांडले ते असे, की माणूस निसर्गाचा तोल बिघडवतो, त्याचे परिणाम त्याच्या हिशेबात नसतात, आणि बिघडवणाऱ्यानेच तो सावरायला हवा. आज हे शाळकरी वाटते, तेव्हा नव्हते. मद्रास इलाख्यातील वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्न यांनी हा ग्रंथ हिमालयातील प्रवासात बरोबर बाळगला होता आणि तसे मार्श यांना पत्राने कळवलेही होते. आपल्याकडे मात्र याच संवर्धनाच्या युक्तिवादाचा हात धरून १८७८ चा वन कायदा आला, आणि ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जंगल वापरले तीच तिथे आगंतुक ठरली.

एक गोष्ट नोंदवायला हवी. मार्श यांनी हा ग्रंथ वुडस्टॉकमध्ये लिहिलेला नाही. तो इटलीत लिहिला, आणि १८८२ साली त्यांचा मृत्यूही इटलीतच झाला. शिवाय त्यांच्या वडिलांचे साधे विटांचे घर पुढच्या मालकाने वाढवून असे बदलले, की मूळ वास्तू आज त्याच्या पोटात गेली आहे. स्मारकांची ही जुनीच खोड: विचार कुठे सुचला याला पत्ता नसतो, म्हणून घराला पाटी लावायची.

तो पुढचा मालक म्हणजे फ्रेडरिक बिलिंग्ज. व्हर्मांटचा हा तरुण १८४९ च्या सुवर्णज्वरात कॅलिफोर्नियाला गेला. सोने खणण्याऐवजी त्याने जमिनीच्या दाव्यांची वकिली केली आणि खणणाऱ्यांपेक्षा जास्त कमावले. १८६९ साली त्याने मार्श कुटुंबाची मालमत्ता विकत घेतली. मार्श यांचा ग्रंथ त्याने वाचला होता. उघड्या टेकड्यांवर त्याने नॉर्वेचे स्प्रूस आणि युरोपातले लार्च लावले, जंगलातून घोडागाडीचे रस्ते काढले, १८७१ मध्ये जर्सी गाईंची आदर्श शेती सुरू केली. शेजारच्या शेतकऱ्यांनी पाहून शिकावे हा त्याचा हेतू होता आणि त्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही.

शंका आहे ती कथेच्या कडांविषयी. १८६४ च्या उन्हाळ्यात, मार्श यांचा ग्रंथ आला त्याच वर्षी, काँग्रेसने नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला सनद दिली. रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना, सोंगट्यांच्या पटासारखी एकाआड एक चौरस, अशी सार्वजनिक जमीन कंपनीला मिळायची होती. शेवटी हाती आली ती सुमारे चार कोटी एकर. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ साडेसात कोटी एकरांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या निम्म्याहून अधिक राज्य एका कंपनीला! बिलिंग्ज या कंपनीचा संचालक झाला, तिच्या जमीन खात्याचे काम त्याने पाहिले, १८७३ च्या मंदीत ती बुडाल्यावर तिची पुनर्रचना केली आणि १८७९ ते १८८१ तो तिचा अध्यक्ष होता. मोंटाना राज्यातील बिलिंग्ज शहर त्याच्याच नावाचे. ही जमीन रिकामी नव्हती. १८७३ साली यलोस्टोन नदीच्या खोऱ्यात रेल्वेचे मोजणीदार गेले तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या फौजेत कस्टर होता, आणि समोर लाकोटा होते.

म्हणजे जमीन दिली कोणी आणि घेतली कोणी? कंपनीची सगळी जमीन काही बिलिंग्जच्या खिशात गेली नाही, आणि ५५५ एकर ही त्या चार कोटींची परतफेड आहे असेही आम्ही म्हणत नाही. इतका सरळ हिशेब इतिहासात बसत नाही. पण माउंट टॉमवर झाडे लावणारा पैसा जिथून आला तिथे आधी राष्ट्राने दान केले होते, ही नोंद दानपत्राच्या माथ्यावर असायला हवी. खुद्द वुडस्टॉकची जमीनही अशाच एका कागदाने हस्तांतरित झाली. १७६१ साली न्यू हॅम्पशरच्या गव्हर्नरने या गावाची सनद काढली तेव्हा हा अबेनाकी लोकांचा प्रदेश होता. नदीचे नाव तेवढे त्यांच्या भाषेतले राहिले.

बिलिंग्ज १८९० मध्ये वारला. दोन मुलगे त्याच्या आधीच गेले होते. पुढची साठ वर्षे ही मालमत्ता त्याची पत्नी ज्युलिया आणि तीन मुली यांनी सांभाळली. शेतीचा कारभार जॉर्ज एटकन हा स्कॉटलंडहून आलेला व्यवस्थापक पाहत असे. पण जंगल विकायचे नाही, लागवड चालू ठेवायची, हे निर्णय या बायकांचे होते. धाकटी एलिझाबेथ वनस्पतींची अभ्यासक. तिने नेच्यांची बाग केली. मेरी मोंटाग्यू हिची मुलगी मेरी फ्रेंच. तिने १९३४ साली वुडस्टॉकमध्येच लॉरन्स रॉकफेलरशी लग्न केले. तेव्हा आपल्या भाषेत सांगायचे तर दान दिलेली जमीन मेरीच्या माहेरची. १९९२ च्या कायद्यात उद्यानाचे नाव 'मार्श-बिलिंग्ज' एवढेच होते. १९९८ मध्ये त्याला 'रॉकफेलर' जोडले गेले. तीन आडनावे, तिन्ही पुरुषांची म्हणून ओळखली जाणारी. ज्यांनी जमीन सर्वांत दीर्घकाळ राखली त्यांच्यासाठी पाटीवर वेगळी जागा उरली नाही.

रॉकफेलर घराण्याला जमीन दान करण्याचा सराव होता, आणि तो सोपा नव्हता. लॉरन्स यांच्या वडिलांनी वायोमिंगच्या जॅक्सन होल खोऱ्यात १९२७ पासून एका आडकंपनीच्या नावाने तीस हजारांहून अधिक एकर जमीन घेतली, ती राष्ट्रीय उद्यानासाठी द्यावी म्हणून. खरेदीदार कोण हे उघड झाले तेव्हा स्थानिक लोक खवळले. दान वर्षानुवर्षे स्वीकारलेच गेले नाही. १९४३ मध्ये रूझवेल्ट यांनी आपल्या अधिकारात ते क्षेत्र राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले, तेव्हा पशुपालकांनी निषेध म्हणून त्यातून गुरे हाकली. १९५० साली बहुतेक भाग ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात आला. पण त्याच कायद्यात, वायोमिंगमध्ये राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा काँग्रेसच्या संमतीवाचून असे स्मारक घोषित करू नये, ही अट घालावी लागली. ज्यांच्या भोवतालचे जग बदलणार त्यांना न विचारता केलेले औदार्य त्यांना औदार्य वाटत नाही, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच दिसले असेल. पुढे १९५६ मध्ये लॉरन्स यांनी सेंट जॉन बेटावरील पाच हजार एकरांहून अधिक जमीन व्हर्जिन आयलंड्स राष्ट्रीय उद्यानासाठी दिली.

वुडस्टॉकचे दान आकाराने लहान आणि स्वभावाने घरगुती. पण उदक सोडतानाही दात्यांनी काही बोटे मिटून ठेवली: हयातभर तिथे राहण्याचा हक्क त्यांनी राखला होता. मेरी १९९७ मध्ये वारल्या. जून १९९८ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. लॉरन्स २००४ मध्ये गेले. घर होते तसे सामानासकट मिळाले. भिंतींवर टॉमस कोल, बीअरश्टाट यांची निसर्गचित्रे आहेत, आणि आवारात शीतयुद्धाच्या दिवसांत बांधलेले, अणुबाँबच्या किरणोत्सारापासून बचावाचे तळघरही आहे. निसर्गाच्या विनाशाची भीती मार्श यांनी ग्रंथात घातली, त्यांच्यानंतरच्या रहिवाशांनी जमिनीखाली. आम्हांला या घरातील सर्वांत प्रामाणिक दालन तेच वाटते.

या उद्यानाची एक रीत मात्र मनापासून आवडली. इथे झाडे तोडतात. बिलिंग्जच्या काळापासून हे राबते जंगल आहे. विरळणी होते, लाकूड निघते, जुन्या लागवडी म्हाताऱ्या झाल्या की त्यांच्या जागी काय येऊ द्यायचे याचा विचार होतो. राष्ट्रीय उद्यानात कुऱ्हाड पाहून पाहुण्यांना धक्का बसतो. पण मार्श यांनी जंगलाला हात लावू नका असे सांगितले नव्हते, हात राखून लावा असे सांगितले होते.

घरासमोरचा रस्ता ओलांडला की बिलिंग्जची शेती. उद्यानाच्या ६४३ एकरांच्या हद्दीत ती मोडते, तिचे ८८ एकर मात्र दानात दिलेले नाहीत. रॉकफेलर दांपत्याने स्थापलेल्या वुडस्टॉक फाउंडेशनकडे ते आहेत. १९८३ पासून तिथे संग्रहालय आहे, तिकीट वेगळे आहे, आणि गोठ्यात जर्सी गाई आहेत.