ग्रेट्स्कीचा सौदा

हिरवळीवरील हॉकी आमच्या वाचकांस सुपरिचित आहे. कॅनडातील हॉकी बर्फावर चालते. तेथील व्यावसायिक संघ आपले गडी एकमेकांस देतात-घेतात, आणि आघाडीच्या फळीत कोणाशेजारी कोणास योजावे यावर रसिकांत अहोरात्र वाद रंगतात. ९ ऑगस्ट १९८८ रोजी या वादास भलताच रंग चढला. त्या दिवशी एडमंटनच्या ऑइलर्स संघाने आपला अग्रणी वेन ग्रेट्स्की लॉस एंजेलिसच्या किंग्ज संघास देऊन टाकला. मोबदल्यात दोन तरुण खेळाडू, नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि दीड कोटी डॉलर आले. सरकारनेच हा सौदा रोखावा, अशी मागणी एका लोकप्रतिनिधीने केली!

१९८४ पासूनच्या पाच हंगामांत एडमंटनने चार वेळा स्टॅनले चषक जिंकला होता. आता ते वैभव सरले, असे पुष्कळांस वाटले. परंतु १९९० साली मार्क मेसिएच्या नेतृत्वाखाली त्याच संघाने पुन्हा चषक मिळविला. पुढे ग्रेट्स्कीचा उजव्या बगलेचा जुना जोडीदार यारी कुरी १९९१ साली लॉस एंजेलिसला जाऊन मिळाला. तरीही १९९३ च्या अंतिम झुंजीत माँट्रियलने किंग्जना नमविले. ग्रेट्स्कीस तो चषक पुनश्च लाभला नाही.

आमच्या मते यातील बोध सरळ आहे. गड्याचे मोल ठरविता येते. सहवासाने जुळलेला मेळ मात्र त्याच्या सामानाबरोबर दुसऱ्या गावी नेता येत नाही. आघाडीच्या फळीसाठी हमरीतुमरीवर येणारे रसिक या मेळाचीच राखण करीत असतात. त्यांस कोणी रिकामटेकडे म्हणू नये.