कथाप्रधान जपानी खेळांविषयीची टीप
* मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेतील वगांचे विवेचन करताना लेखकाने जपानी कथाप्रधान व्हिडिओ गेमांचा जो ओझरता उल्लेख केला आहे, त्याचा खुलासा येथे आवश्यक वाटतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) आणि ‘फायनल फँटसी’ (१९८७) यांनी रूढ केलेल्या या प्रकाराविरुद्ध टीकाकारांची मुख्य तक्रार अशी की, कथानक पूर्वनिश्चित असल्याने खेळणाऱ्यास काहीच अखत्यार उरत नाही. ‘मेटल गिअर सॉलिड ४’ (२००८) मधील प्रदीर्घ चित्रदृश्ये, ज्यांच्यासमोर त्याला स्वस्थ बसून राहावे लागते, हा तिचा नेहमीचा दाखला. तथापि ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मध्ये, जिला खेळणाऱ्याने स्वहस्ते शस्त्रे देऊन लढविले, ती एअरिथ मध्येच मारली जाते आणि तिला वाचविण्याचा कोणताही उपाय त्याच्यापाशी नसतो, तेव्हा उत्पन्न होणारा शोक त्या अगतिकतेचेच फळ होय. वगाचा शेवट ठाऊक असूनही शहापूर-मुरबाडचा रसिक फडासमोरून उठत नाही. म्हणून निश्चित कथानकातून रसनिष्पत्ती साधते की नाही, हीच अशा कृतींची न्याय्य कसोटी आम्ही मानतो. — संपादक