समजून घ्या : विमानाच्या इंजिनाची नोंद कुठे होते आणि ती बाहेर कशी काढतात?

२८ जून २०१८ च्या दुपारी घाटकोपर पश्चिमेच्या जीवदया लेनमध्ये एक छोटं विमान कोसळलं. जुहू विमानतळावरून चाचणी उड्डाणासाठी निघालेलं हे किंग एअर सी-९० होतं. विमानातले चौघं आणि खाली रस्त्यावरचा एक जण, असे पाच जण गेले. घाटकोपर-कुर्ल्यावरून मुंबई विमानतळाकडे उतरणारी विमानं दिवसभर जात असतात. त्यामुळे इथल्या रहिवाशांना पडणारा प्रश्न साधा आहे : इंजिन बिघडतंय हे आधी कळतं का? आणि अपघात झालाच, तर नंतर कसं कळतं?

इंजिनाचं काय मोजतात?

पंख्याचा आणि आतल्या भागांचा वेग, इंधनाचा प्रवाह, तेलाचा दाब व तापमान, कंपनं आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचं तापमान. या शेवटच्या आकड्याला ईजीटी म्हणतात. तेवढीच ताकद देताना इंजिन पूर्वीपेक्षा जास्त तापू लागलं, तर आत झीज झाली असण्याची शक्यता असते.

नोंद कुठे साठते?

मोठ्या प्रवासी विमानात तीन वाटा असतात. पहिली, फ्लाइट डेटा रेकॉर्डर म्हणजेच ब्लॅक बॉक्स. नावात काळा असला तरी रंग नारिंगी. यात किमान २५ तासांची माहिती राहते आणि तो ११०० अंश सेल्सिअसची आग तासभर सोसेल असा बनवतात. दुसरी, क्विक ॲक्सेस रेकॉर्डर. याला आगीपासूनचं कवच नसतं, कारण तो रोजच्या कामासाठी आहे. तिसरी, एकार्स ही संदेश यंत्रणा. ती उड्डाण सुरू असतानाच ठरावीक आकडे रेडिओ किंवा उपग्रहामार्फत जमिनीवर पाठवते.

रोज ती कशी वाचतात?

क्विक ॲक्सेस रेकॉर्डरचं कार्ड इंजिनीअर काढून घेतात किंवा विमान उतरल्यावर डेटा मोबाइल नेटवर्कवरून आपोआप जातो. मग त्याच इंजिनाच्या आधीच्या उड्डाणांशी तुलना होते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आलेख कुठे झुकतोय हे महत्त्वाचं. तो बिघडू लागला, तर इंजिन आधीच तपासणीला घेता येतं.

अपघातानंतर काय करतात?

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातात बोइंग ७८७ वर दोन रेकॉर्डर होते. मागच्याचं मोठं नुकसान झालं होतं. पुढच्यातली माहिती दिल्लीत, विमान अपघात तपास विभागाच्या प्रयोगशाळेत काढण्यात आली : सुमारे ४९ तासांचा डेटा आणि दोन तासांचा आवाज. प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले आणि इंजिनांचा वेग घसरला. स्विच पुन्हा चालू झाल्यावर ईजीटी वाढताना दिसलं, म्हणजे इंजिनं पुन्हा पेटत होती. इंजिनांचं काय झालं हे नोंदीने सेकंदागणिक सांगितलं. स्विच का हलले, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही.

छोट्या विमानांचं काय?

आंतरराष्ट्रीय नियमांत डेटा रेकॉर्डरची सक्ती साधारणपणे ५,७०० किलोपेक्षा जड विमानांना आहे. सी-९० चं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन साडेचार टनांच्या आसपास असतं. डेटा नसेल तिथे तपास दुसऱ्या खुणांवर चालतो. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात प्रोपेलरचा आवाज असेल, तर त्यावरून त्याचा वेग काढता येतो. इंजिन खोलून आतल्या पात्यांवरचे घासल्याचे ओरखडे पाहतात. आदळताना इंजिन फिरत होतं की नाही, हे त्यावरून कळतं.

पण हे सगळं अपघातानंतरचं. विमान ज्यांच्या घरावरून जातं, त्यांच्यासाठी खरी कामाची नोंद रोज वाचली जाणारी. छोट्या विमानांत नेमकी तीच अनेकदा नसते.